ग्रहण की गिऱ्हाईक?

डिचोली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आपलं भांडण अर्धवट राहिलं. निर्वासितांचा कॅम्प म्हणजे शेजारच्या गावाला लागलेलं ग्रहण, असं म्हणालास आणि बसमध्ये चढलास. आता पत्रातून ऐक.

थोरलीच्या लग्नाचा बस्ता आपण कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात बांधला होता ना? वळिवड्याच्या त्याच माळावर 1943 ते 1948 या काळात पोलंडचे सुमारे 5,000 निर्वासित राहिले. ते गेले आणि फाळणीत उखडलेले सिंधी आले. आज आमच्या आळीतला कापडवालासुद्धा घाऊक मालाला तिकडेच धावतो. हे कसलं ग्रहण रे?

पण एवढ्यावर मी जिंकलो असं समजू नकोस. मे महिन्यात अनमोड घाट चढून कर्नाटकातल्या मुंडगोडला जाऊन आलो. तिथे 1966 पासून तिबेटी वसाहत आहे. त्यांना कसायला जमीन मिळाली, गांदेन आणि द्रेपुंगचे मठ पुन्हा उभे राहिले. टपरीवर एक कानडी मजूर भेटला. मठाच्या बांधकामावर आणि त्यांच्या शेतात काम मिळतं म्हणून खूश होता. मग चहा संपवता संपवता म्हणाला, "तालुका आमचा, पण मालक ते आणि गडी आम्ही." हसला खरा, पण ते हसू माझ्या घशात अडकलं.

बांगलादेशात कॉक्स बाजारला तर हे फार भराभर घडलं. ऑगस्ट 2017 नंतर काही महिन्यांतच म्यानमारमधून 7 लाखांहून जास्त रोहिंग्या आले, तेही मुख्यतः उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत. मूळचे लोक आपल्याच गावात कमी भरले. सरपणासाठी डोंगर बोडके झाले. हत्तींची वाट कॅम्पातून जात होती, त्यात माणसं चिरडली गेली. चोरून, पडेल त्या पैशात राबणारे हात वाढल्यावर स्थानिकांची रोजंदारीही उतरली. त्याच वेळी मदतसंस्थांच्या नोकरदारांमुळे घरभाडी चढली. म्हणजे ज्याची खोली होती त्याचं फावलं आणि ज्याच्याकडे फक्त कोयता होता तो मेला. तुझं ग्रहण आहे, पण ते सगळ्यांना सारखं लागत नाही. 2018 पासून कॅम्पात गॅस सिलिंडर दिले, शेजारच्या घरांनाही दिले, तेव्हा कुठे झाडांवरची कुऱ्हाड थोडी थांबली.

केनियातलं दादाब हे निर्वासितांचं ठाणं 1991 मध्ये 90,000 माणसांसाठी आखलं होतं, पुढे तिथे 4 लाखांवर लोक झाले. परवान्याशिवाय कॅम्पाबाहेर पडायचं नाही, मग कमवायचं कसं? युगांडात उलट जमिनीचा तुकडा देतात, काम करू देतात आणि मदतीतला 30 टक्के वाटा आजूबाजूच्या गावांसाठी ठेवायचं धोरण आहे. गांधीनगरचे सिंधी दुकान घालू शकले, कारण त्यांना कुणी कुंपणात कोंडलं नव्हतं.

तुला उपदेश करतोय खरा, पण परवा पणजीला भाड्याची खोली शोधताना माझ्याच तोंडून "या भायल्यांनी, बाहेरच्यांनी, भाडी वाढवली" असं निघालं. बायकोने नुसतं पाहिलं माझ्याकडे.

एक काम कर. तुझे थोरले काका लहानपणी वळिवड्याच्या कॅम्पात दूध घालायला जायचे ना? त्यांना विचार, तेव्हा दुधाला भाव काय मिळायचा आणि गावातल्या बायका त्या भावाने पोरांना दूध देऊ शकायच्या का? चतुर्थीला येशील तेव्हा उत्तर घेऊन ये.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
डिचोलीकर