‘अलिझे’तील तिघांचेही स्मरण व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की ४ तारखेच्या नौदल दिनानिमित्त १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याच्या आठवणी वृत्तपत्रांतून येतात, आणि ९ तारखेला ‘खुकरी’ या आपल्या युद्धनौकेचे व तिच्याबरोबर जलसमाधी घेतलेल्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचे स्मरण केले जाते. ते योग्यच आहे. मात्र दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, अरबी समुद्रावर पाडले गेलेले नौदलाचे ‘अलिझे’ हे पाणबुडीशोधक विमान आणि त्यातील तिघे जण यांचा उल्लेख झालाच तर एका ओळीत उरकला जातो. निदान गोव्यात तरी, जिथे नौदलाच्या हवाई दलाचा सर्वांत मोठा तळ आहे, असे होऊ नये.

‘खुकरी’ बुडाली ती दीवजवळच्या समुद्रात, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यानंतर चार दिवस त्या पाणबुडीचा कसून शोध चालला आणि त्या शोधात ‘अलिझे’ विमानांनाही जुंपण्यात आले. पाणबुडी आणि तिला शोधणारे विमान, दोन्ही फ्रेंच बनावटीची होती, हा योगायोग चमत्कारिकच म्हणायचा. १० डिसेंबरला पाकिस्तानी हवाई दलाच्या एका ‘स्टारफायटर’ लढाऊ विमानाने या शोधकार्यातील एक ‘अलिझे’ गाठले आणि पाडले. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि त्यांचे सहकारी विजयन हे तिघे परतले नाहीत. ‘हंगोर’ मात्र सुखरूप कराचीला पोचली.

याला चकमक म्हणण्याचा प्रघात असला तरी बरोबरीचा सामना यात नव्हता. ‘अलिझे’ला एकच पंख्याचे इंजिन, वेग ताशी जेमतेम पाचशे किलोमीटर, ‘स्टारफायटर’ ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. पाणबुडी शोधणाऱ्या विमानाला पाण्याच्या जवळून, संथपणे, तोच पट्टा पुनःपुन्हा पिंजून काढावा लागतो, कारण बॅटऱ्या भारण्यासाठी पाणबुडीने हवेची नळी पाण्याबाहेर काढली तर ती रडारवर एका ठिपक्याएवढीच दिसणार असते. शिवाय रडार चालू ठेवावे तर त्याच्या लहरींवरून शत्रूलाही आपला सुगावा लागू शकतो, आणि बंद ठेवावे तर ज्यासाठी उड्डाण केले ते कामच होत नाही.

दुसरी गोष्ट नौदलाच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. आपली एकमेव विमानवाहू नौका ‘विक्रांत’ त्या वेळी बॉयलरच्या बिघाडामुळे कमी वेगाने चालत होती आणि आपल्या ‘सी हॉक’ लढाऊ विमानांसह बंगालच्या उपसागरात होती. पूर्वेकडील तिची कामगिरी सर्वश्रुत आहे, पण त्यामुळे पश्चिमेच्या समुद्रावर नौदलाला स्वतःच्या लढाऊ विमानांचे छत्र उरले नव्हते. दोनच दिवसांनी, १२ डिसेंबरला, आपल्या हवाई दलाच्या मिग-२१ विमानाने कच्छच्या आखातावर एक ‘स्टारफायटर’ पाडले. म्हणजे त्या विमानाला तोड देण्याची ताकद आपल्याकडे होती. पण किनाऱ्यावरून उडणारे लढाऊ विमान समुद्रावर एकट्याने घिरट्या घालणाऱ्या टेहळणी विमानाच्या सोबतीला तासन्‌तास राहू शकत नाही. माझ्या मते दोष व्यक्तींचा नसून त्या वेळच्या मर्यादांचा होता, आणि त्याची किंमत या तिघांनी मोजली.

बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल विमान संग्रहालयात एक ‘अलिझे’ ठेवलेले आहे. भेट देणारे बहुतेक जण ‘सी हॅरियर’पाशी छायाचित्रे काढतात, किंवा भल्याथोरल्या ‘सुपर कॉन्स्टेलेशन’खाली उभे राहतात, ‘अलिझे’ दिसायला काहीसे बेढब असल्यामुळे लोक पुढे सरकतात. त्याच्या पंखांवरील फुगीर कोठ्या मुद्दाम पाहाव्यात. पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज ऐकण्याची ध्वनियंत्रे त्यांत ठेवली जात. रडारचा घुमट पोटाखालून बाहेर काढला जाई आणि काम झाले की आत ओढून घेतला जाई. हे दाखवायला कोणी माहीतगार असला तर शाळेतली मुले तिथून लवकर हलणार नाहीत.

‘अलिझे’ १९९१ मध्ये सेवेतून निवृत्त झाले. आज तेच काम ‘पी-८ आय’ ही विमाने करतात, आणि २०२२ पासून त्यांचे एक पथक आपल्या दाबोळीच्या ‘हंसा’ तळावरही आहे. डोक्यावरून जाणारे ते राखाडी विमान मुरगाव तालुक्यातल्या लोकांच्या नित्य परिचयाचे झाले आहे.

तेव्हा नौदलाच्या अधिकाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती करावीशी वाटते की, दरवर्षी १० डिसेंबरला संग्रहालयातील ‘अलिझे’पाशी छोटासा स्मरणकार्यक्रम ठेवावा आणि त्याला वास्को परिसरातील शाळांना बोलवावे. त्या विमानाजवळ १९७१ च्या या घटनेचा वृत्तांत मराठी आणि कोकणीतूनही असावा. त्यात तिघांचीही पूर्ण नावे हुद्द्यांसह द्यावीत, आणि फलक मुलांना उभ्याने वाचता येईल इतक्याच उंचीवर लावावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, वास्को-द-गामा