सतरा नंबरबद्दल परत एकदा

सई,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून हे पत्र मनातल्या मनात लिहितेय. तू म्हणालीस, आई, तू माझी आई आहेस, रिव्ह्यूअर नाहीस. बरोबर आहे. क्षयावरच्या औषधासाठीच्या ग्रँटचं प्रपोजल वाचायला तूच दिलं होतंस हेही खरं, पण मी पहिल्या पानापासून लाल रंगात लिहीत सुटले आणि ते पान किती छान झालंय हे सांगायचंच राहिलं. खरंच छान झालंय गं. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो आणि क्षयाचा जंतू त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस घेतो, इथून सुरुवात करून तू महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्या पेशंटपर्यंत पोचलीस, आणि मग बेडाक्विलिन. २०१२ मधे त्याला मंजुरी मिळाली ती बातमी मला लॅबमधे कळली होती. चाळीसेक वर्षांनी क्षयावर नव्या पद्धतीनं मारा करणारं औषध आलं होतं, आम्ही सगळे हातातलं काम ठेवून उभे राहिलो होतो. तू तेव्हा शाळेत होतीस आणि आज तू त्याच्या पुढचं लिहितेयस. बाबांनी ते पान दोनदा वाचलं, समजलं थोडंच, पण दोनदा वाचलं.

सतरा नंबरबद्दल, तुझ्या त्या लाडक्या रेणूबद्दल, ह्या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवलंय.

वेळापत्रकाचं बोलते. चाळीस ॲनालॉग, म्हणजे त्याच रेणूची थोडी थोडी बदललेली रूपं, बारा महिन्यांत, तू आणि एक असिस्टंट. संश्लेषण होईल, पण शुद्ध करायला जो वेळ जातो तो कुणी धरत नाही. आणि गोठवलेला जुना नमुना परत तपासला की निम्मा मोडलेला निघतो, मग पहिल्यापासून. पंचवीस लिही, आणि तेच पंचवीस का निवडलेत ते लिही. उंदरांमधल्या फार्माकोकायनेटिक्ससाठी, म्हणजे औषध शरीरात किती पोचतं आणि किती टिकतं ते बघण्यासाठी, एथिक्सची परवानगी तिसऱ्या महिन्यात धरलीयस, तिचा अर्ज आत्ताच टाक, ती समिती आपल्या सोयीनं बसत नाही. बाहेरून करून घ्यायच्या चाचण्यांचं कोटेशन जोड, नुसता अंदाज नको. आणि बजेटमधे स्वतःच्या पगाराची ओळ रिकामी ठेवलीयस ती का? दोन वर्षं तू कशावर राहणार आहेस? दादानं विचारलं तर त्याच्यावर चिडू नकोस, तो माझ्याच सांगण्यावरून विचारेल.

बघ, परत सुरू झालं माझं. माफ कर.

ह्या टप्प्याला पैसे मिळवणं किती अवघड आहे ते मला माहितीये. कंपनी म्हणते आधी प्राण्यात चालतं ते दाखवा. प्राण्यापर्यंत जायला पैसे लागतात. पैसे देणारी समिती म्हणते प्रिलिमिनरी डेटा दाखवा, आणि डेटाला परत पैसे. औषध हातात यायला दहा-पंधरा वर्षं, आणि माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा रेणूंमधले साधारण नऊ तिथे गळतात, मग त्याच्याही आधी असलेल्या तुझ्या रेणूवर कुणी का पैसे लावावेत, हा प्रश्न समितीतल्या प्रत्येकाच्या मनात असणार. म्हणून माणूस आपली बाजू जरा घासूनपुसून मांडतो. मला कळतं ते. मागच्या वेळी नकार आला तेव्हा तू तीन दिवस कुणाशी बोलली नव्हतीस, तेही मी विसरलेली नाही.

पण सई, पान सहावरचा तो तक्ता. सतरा नंबरची एमआयसी, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारं कमीतकमी प्रमाण, दोन मायक्रोमोलर, ठळक अक्षरात. आणि शेजारी यकृताच्या पेशींचा, हेपजी-टूचा, रकानाच नाही. फोनवर तूच सांगितलंस की नऊ मायक्रोमोलरला त्या पेशी निम्म्या मरतात. म्हणजे नऊ भागिले दोन, सिलेक्टिव्हिटी इंडेक्स साडेचार. निदान दहा तरी हवा, हे तूच गो-नो-गोच्या, म्हणजे पुढे जायचं की थांबायचं त्या, अटीत लिहिलंयस, पान नऊवर! मग ज्यानं पान नऊ वाचलं तो पान सहावर परत येणार नाही का?

लहानपणी तू माझ्याबरोबर लॅबच्या दारापर्यंत यायचीस ते आठवतं? तिथल्या भिंतीवर चाचणीच्या प्लेटचे दोन फोटो होते, तू विचारायचीस निळं चांगलं की गुलाबी. रिसाझुरिन हे प्लेटमधे घालायचं रंगद्रव्य मूळचं निळं, जिवंत पेशी त्याला गुलाबी करतात. म्हणजे जंतूंच्या प्लेटमधे औषध टाकल्यावर निळं राहिलं तर आपण जिंकलो, आणि माणसाच्या पेशींच्या प्लेटमधे गुलाबी झालं तर आपण जिंकलो. तू म्हणायचीस, मग एकाच औषधाला दोन्ही रंग जमले पाहिजेत. सात वर्षांची होतीस. माझ्या हाताखालच्या मुलांना मी पुढे कितीतरी वर्षं तुझंच वाक्य सांगत आले.

आता तुला कधीच न सांगितलेलं सांगते. तू सहावी-सातवीत असताना आमच्या लॅबचं एक प्रपोजल गेलं होतं. प्लेट मी लावली होती, कडेच्या वेल्समधे, म्हणजे प्लेटच्या खळग्यांमधे, पाणी, मधे औषधाची पातळ पातळ होत जाणारी डायल्युशन, सगळं नीट. जंतूंची प्लेट सुंदर निळी आली. पेशींची प्लेटही निळीच राहिली. सर म्हणाले पेशींचं नंतर बघू, आत्ता घालू नका. मी काही बोलले नाही. ग्रँट मिळाली, सगळ्यांनी अभिनंदन केलं. दोन वर्षांनी प्राण्यांच्या टप्प्यावर ते काम बंद पडलं, यकृतामुळेच. एका मुलीची पीएचडी त्यावर होती, तिला नवा विषय घेऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ती प्लेट मी स्वतः पाहिली होती गं. मी बोलायला हवं होतं. म्हणून मी लाल रंगात इतकं लिहिलं.

आणि मावशी. क्षयाच्या उपचाराच्या तिसऱ्या आठवड्यात तिच्या डोळ्यांचा रंग बदलला, सगळ्या गोळ्या थांबवल्या, मग एकेक करून परत सुरू केल्या, प्रत्येक वेळी यकृताचे रिपोर्ट. तू परीक्षेत होतीस, तुला उशिरा सांगितलं. यकृत हा शब्द वाचला की मला तिचे डोळे दिसतात.

तो आकडा घाल. शेजारी कारण लिही: लॉगपी, म्हणजे रेणू किती तेलकट आहे त्याचं माप, पाचाच्या वर आहे, ती लांब तेलकट शेपटी जंतूच्या मेणचट भिंतीतून आत शिरायला मदत करते आणि आपल्या पेशींच्या पडद्यालाही तीच इजा करत असावी. मग पहिलं उद्दिष्टच ते कर, शेपटी आखूड करून, ध्रुवीय गट लावून दोन्ही परिणाम वेगळे करता येतात का. झाले तर पुढे. नाही झाले तर आठव्या महिन्यात सतरा नंबर सोडायचा आणि तेवीसकडे वळायचं, त्याची एमआयसी आठ असली तरी पेशी त्याला सहन करतात. हे लिहायला पैसे जास्त लागत नाहीत, उलट समितीला कळेल की हिला धोका कुठे आहे ते माहितीये. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू आठवतात ना, पहिले अर्क कधी चालायचे कधी नाही, म्हणून त्यांनी काढायची पद्धतच बदलली, कमी तापमानाला इथर वापरलं, आणि १९७१ मधे १९१ नंबरचा नमुना उंदरांच्या मलेरियावर पूर्ण लागू पडला. आधीचे खराब निकाल समोर ठेवले म्हणून तर पद्धत बदलायचं सुचलं.

मी रिव्ह्यूअर नाही. पण खरा रिव्ह्यूअर रात्री उशिरा आठवा अर्ज वाचत असेल आणि त्याला तू माहीत नसशील. त्याला फक्त तो गायब रकाना दिसेल. मला भीती त्याचीही नाही एवढी. मला भीती आहे ती ग्रँट मिळण्याची, आणि दोन वर्षं तू तो आकडा पोटात ठेवून काम करशील त्याची.

तुला नको असेल तर नको घालूस. अर्ज तुझा आहे. मी परत विचारणार नाही.

मुदत पुढच्या शुक्रवारी संध्याकाळची आहे ना, तर गुरुवारीच टाक, शेवटच्या तासात पोर्टल अडकतं आणि पीडीएफचं एखादं पान उलटं जातं. झोप पूर्ण घे. बाबा म्हणतायत फोन कर, मी त्यांना म्हटलं तिला वेळ मिळेल तेव्हा करेल.

हेपजी-टूच्या त्या प्लेटचा फोटो आहे का तुझ्याकडे? असला तर पाठव. नऊच्या आसपासच्या वेल्सचा रंग मला बघायचाय.

आई