मटण, माळ आणि नॉमिनीचा फॉर्म

सिडको, नाशिक
रविवार

चि. सोन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू दोन बातम्या एका दमात दिल्यास. ऑफिसात टीमला सांगून टाकलं की मी गे आहे, आणि मटण आता महिन्यातून एखाद्या वेळेसच. पहिली सांगताना आवाज खणखणीत होता. दुसरीला मात्र चाचरलास, 'पप्पा, रागावणार नाही ना?' बापाला तू बरोबर ओळखलं आहेस.

तुझी आई दिंडीच्या गडबडीत आहे. त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा तोंडावर आली, घरात येणंजाणं सुरू, त्यामुळे बोलणं अर्धवटच राहिलं. शिवाय मला जे सांगायचं आहे ते कागदपत्रांचं आहे, आणि फोनवर कागदपत्रांचं काढलं की तू 'हो हो' करून विसरतोस. म्हणून पत्र.

माझी सगळी नोकरी सातपूरच्या कारखान्यात टाइम ऑफिसला गेली, हे तुला माहीत आहे. लोकांना वाटतं टाइम ऑफिस म्हणजे कोण उशिरा आला ते बघणं. खरं काम फायलींचं. माणूस कारखान्यात काय बोलतो ते एक, आणि त्याच्या फायलीत काय लिहिलंय ते दुसरं. वेळ आली की फाईलच बोलते.

आमच्याकडे एक फिटर होता. लग्न केलं नव्हतं. मित्राबरोबर खोली करून राहायचा. दोघांचा डबा एकाच हातचा असतो हे सगळ्या कँटीनला माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. आमच्याकडे गप्प बसणं हीच सभ्यता. फिटर आजारी पडून दवाखान्यात गेला, तेव्हा हा मित्र पगाराची चौकशी करायला गेटवर आला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फिटरचं ईएसआय कार्ड, म्हणजे कामगार विम्याचं. गेटच्या रजिस्टरला 'नाते' असा एक रकाना होता. त्याने लिहिलं 'मित्र'. वॉचमनने बाकड्यावर बसवून ठेवलं. मी त्याला आत घेतलं, चहा मागवला, फाईल काढली. नॉमिनी म्हणून पुतण्याचं नाव. तो पुतण्या कळवण तालुक्यात कुठेतरी, आणि आजारपणात एकदाही न फिरकलेला. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाचं नाव फायलीत कुठेच नव्हतं, पत्त्यातसुद्धा नाही. नियमाने मी त्याला पगाराचा आकडाही सांगू शकत नव्हतो.

तू टीमला सांगितलंस ही बातमी ऐकल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आधी तो रजिस्टरचा रकाना आला. सांगितलंस ते उत्तम केलंस. 'वीकेंडला काय केलं' या साध्या प्रश्नाला दर सोमवारी नवीन खोटं रचायचं, 'तो'च्या जागी 'ती' म्हणायचं, मागच्या वेळी काय बोललो ते लक्षात ठेवायचं, यात माणसाची निम्मी अक्कल खर्ची पडते. ती आता कामाला लाव. पण सांगितलंस तेवढ्यावर थांबू नकोस, लिहून घे.

कायद्याचं कुठवर आलंय ते तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस, तरी ऐक. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ चा काटा काढला, म्हणजे तुमचं प्रेम गुन्हा राहिलं नाही. पण गुन्हा नसणं वेगळं आणि हक्क असणं वेगळं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात त्याच कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. २०१९ चा कायदा आहे तो ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी, त्यात नोकरीतल्या भेदभावाला मनाई आहे. खाजगी कंपनीतल्या गे माणसासाठी तसा सरळ कायदा नाही. म्हणून तुझ्या बाबतीत कंपनीची स्वतःची लेखी पॉलिसी हाच काय तो आधार. मॅनेजर कितीही देवमाणूस असो, त्याची बदली होते. पॉलिसीत 'सेक्शुअल ओरिएंटेशन' हे शब्द आहेत का ते बघ. तक्रार कुठे करायची ते बघ. आणि मॅनेजरशी बोलणं झाल्यावर 'आज आपलं असं बोलणं झालं, धन्यवाद' एवढा दोन ओळींचा मेल टाकून ठेव. गोड शब्दांत टाक. तारीख महत्त्वाची.

जून हा तुमचा 'प्राइड' महिना, तेव्हा कंपन्या लोगोला सप्तरंग लावतात म्हणे. छान दिसतं. तू जुलैत जाऊन मेडिक्लेमचा फॉर्म माग आणि विचार, माझ्या जोडीदाराचं नाव बसतं का? टाटा स्टीलने २०१९ मध्ये अशा जोडीदारांना सवलती लागू केल्या. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं.

आता पीएफ. हा माझ्या कामातला विषय, म्हणून जरा लांबण लावतो. १९५२ च्या योजनेत 'कुटुंब' कोण ते ठरलेलं आहे: बायको किंवा नवरा, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. कुटुंब असताना बाहेरच्याचं नाव टाकलंस तर ते नॉमिनेशन ग्राह्य धरत नाहीत. तू नोकरीला लागलास तेव्हा फॉर्मवर आईचं नाव टाकलं होतंस, ते तूर्त तसंच राहू दे, पण आम्ही तुझ्यावर अवलंबून धरले जातो का, आणि नसलो तर काय, हे एचआरला लेखी विचार. बँकेचं सोपं आहे. २८ ऑगस्ट २०२४ ला अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की तुमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. काउंटरवरच्या माणसाला ते ठाऊक नसेल, म्हणून पत्रकाची प्रिंट बरोबर ने.

आणि मृत्युपत्र. आई हे वाचताना 'अभद्र कशाला लिहिता' म्हणाली, पण मी खोडत नाही. मृत्युपत्र नसेल तर अविवाहित मुलाचं सगळं हिंदू वारसा कायद्याने आधी आईकडे जातं. बापाचा नंबर तिच्या मागे, हे तिला वाचून दाखवल्यावर जरा खुशीत आली. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन होतं. घराच्या भाडेकरारावरही दोघांची नावं घाल. 'मामेभाऊ आहे' असं सांगून एकाच्याच नावावर करू नका. पुढे एकाचं दुखलंखुपलं तर दुसऱ्याला त्या घरात राहण्याचा पुरावा हवा.

भाड्याच्या घरावरून मटणाकडे येतो. तू म्हणालास की पुण्यात एजंटने एका श्वासात विचारलं, 'फॅमिली की बॅचलर? व्हेज की नॉनव्हेज?' त्या माणसाला वाटतं या दोन उत्तरांत अख्खा माणूस कळतो. तुझं दुसरं उत्तर हल्ली बदलतंय, तर एक काळजी घे. मटण कमी केल्याचा मोठेपणा मिरवू नकोस. शुद्ध-अशुद्धाचा हिशेब आपल्या गावाने फार मांडलाय. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात बाबासाहेबांना सत्याग्रह सुरू करावा लागला तो याच गावात. दुसऱ्याच्या ताटात डोकावून त्याची लायकी ठरवणारे आजही सोसायट्यांचे नियम लिहितात. तू त्यांच्या पंगतीला बसू नकोस, एवढंच.

बाकी तुझं कारण मला पटतं. शेळ्यामेंढ्या रवंथ करणारी जनावरं, त्यांच्या पोटातून मिथेन निघतो, कोंबडीचं तसं नाही, हे तू सांगितलंस. माझं कारण डॉक्टरांचं आहे. वर्ल्ड कॅन्सर रिसर्च फंडाचा सल्ला आहे की लाल मांस खायचंच तर आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा. आपला रविवार एका बसणीत तेवढा उडवत होता. तुझी आई गेली कित्येक वर्षं हे बघत आली, पण बोलली नाही. तिने त्र्यंबकला माळ घातली, त्या दिवसापासून तिची भांडी वेगळी आणि माझी शेगडी मागच्या अंगणात. वाद नाही, कीर्तन नाही. मटणाचा रस्सा उकळायला लागला की ती आपली पुढच्या खोलीत हरिपाठ घेऊन बसते. गळ्यात माळ दिसते, म्हणून लग्नाच्या पंगतीत तिला कुणी 'एक पीस तरी घ्या' म्हणत नाही. तुझ्या गळ्यात काही दिसत नाही, म्हणून आत्या दर दिवाळीला स्थळं आणते. म्हणूनच तुला तोंडाने सांगावं लागलं. खाण्याचं मात्र सांगत बसायचं कारण नाही, ते ताटात दिसतंच.

दिसू दे, पण ताट भरलेलं असू दे. मटण बंद करून नुसत्या पोळी-बटाट्यावर राहिलास तर अशक्तपणा येईल. शंभर ग्रॅम कच्च्या डाळीत बावीस-चोवीस ग्रॅम प्रोटीन असतं, एका अंड्यात सहा. बी-१२ साठी दूध, दही, अंडी सोडू नकोस. आणि खरं सांगू का, आपल्याकडच्या मटणाची निम्मी मजा काळ्या मसाल्याची आहे. खोबरं आणि कांदा अगदी काळपट होईस्तोवर भाज, करपू देऊ नकोस. वाटण बारीक हवं. फोडणीत तेल सुटून कडेला येईपर्यंत पातेल्यापासून हलू नकोस, मोबाइलही बघू नकोस. मग त्यात पाटवड्या सोड, डुबुकवडे सोड, नाहीतर वरून जाड शेव घाल. पाटवडीला बेसन शिजवताना ओवा आणि लसूण सढळ हाताने घाल. थाळीत थापून, गार झाल्यावर वड्या पाड. गरम असताना सुरी लावलीस तर लगदा होईल. मागच्या रविवारी मी असंच केलं. माळकरी बाई म्हणाल्या, 'हे पुढच्या गॅसवर केलं असतं तरी चाललं असतं.' एवढी दाद मला मटणाला कधी मिळाली नव्हती.

आत्याचं राहिलं. तिला सांगायचं की नाही, केव्हा, ते तू ठरव. ती मला खोदून विचारते तेव्हा मी 'त्यालाच विचार' एवढंच म्हणतो आणि विषय कांद्याच्या भावावर नेतो. ऑफिसात सांगितलंस म्हणून गावाला सांगायलाच हवं असा काही हप्ता लागलेला नाही. ऑफिसातही क्लायंटला, दुसऱ्या मजल्यावरच्या लोकांना, कुणाकुणाला सांगायचं ते तुझ्या मर्जीवर. कुणी 'आम्हाला तर आधीच माहीत होतं' म्हणालं तर हसून सोडून दे.

यात्रा आटोपली की तुम्ही दोघं या. थंडी कडक आहे, निफाडकडे तर हाडं गोठतात, स्वेटर आणा. द्राक्षं तोवर गोड होतील. त्याच्या खाण्याचं विचारायला सांगितलंय आईने: कांदा-लसूण चालतं ना, आणि दुपारी झोपायची सवय आहे का? पॉलिसीची पीडीएफ मला आधी व्हॉट्सअॅपवर टाक, मी पवननगरला प्रिंट काढून, पेन्सिलने खुणा करून ठेवतो. आणि शनिवारी येताय की रविवारी ते नक्की कळव. रविवारी असाल तर अर्धा किलो आणतो, त्याहून जास्त नाही. बाकी पाटवड्या.

तुझे,
पप्पा