दवाखाने भरपूर, नळाचे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाल्याची बातमी आली की त्या गावात पेढे नंतर वाटले जातात, जागेचे भाव आधी चढतात. कॉलेज आले की गावाला पैसाही येतो आणि आरोग्यही, असा सर्रास समज आहे. पैशाचे खरे आहे. आरोग्याचे काय होते ते मिरजेकडे बघून समजते.

डॉ. वानलेस यांचे मिशन हॉस्पिटल 1894 चे. त्यांची वैद्यकीय शाळा 1897 मध्ये सुरू झाली, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 मध्ये. त्यात रेल्वे जंक्शन, त्यामुळे पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी दिशांनी पेशंट इथे उतरत आला आहे. एक पेशंट दाखल झाला की सोबत दोन माणसे राहतात. त्यांना खोली, डबा, अंघोळीचे गरम पाणी, रिक्षा आणि कन्नड समजणारा मेडिकलवाला लागतो. लॉज, खानावळी, लॅब, रुग्णवाहिका, आया, वॉर्डबॉय असा सगळा पसारा यावर चालतो. डॉक्टरांच्या उत्पन्नाची चर्चा फार होते, पण रोजगार जास्त आहे तो या खालच्या फळीत. सरकारी योजनेत शस्त्रक्रिया मोफत झाली तरी नातेवाइकांचे खाणे-राहणे आणि बुडालेला रोजगार योजनेत बसत नाही. वैद्यकीय गावाच्या मिळकतीतला मोठा वाटा म्हणजे जत-अथणीकडच्या कुणाचे तरी कर्ज असते, हे जमाखर्च मांडताना विसरू नये. पेशंट पाठवणाऱ्याला ‘कट’ देण्याची रीत जिथे रुजते, तिथे त्या कर्जात नको त्या तपासण्यांचीही भर पडते.

आता आरोग्य. नोव्हेंबर 2014 मध्ये याच ‘वैद्यकीय पंढरी’त गॅस्ट्रोची साथ आली आणि माणसे दगावली. गळक्या जलवाहिन्यांतून पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळत होते. (पुढे 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेतूनच. म्हणजे पाणी कमी नव्हते, पाइप फुटके होते.) सर्जन कितीही असले तरी गटारातून गेलेली नळजोडणी कुणी दुरुस्त करत नाही, आणि ते त्यांचे कामही नव्हे.

हे पाणी बिघडते कसे? पुरवठा ठरावीक वेळीच होतो. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो आणि गटारालगतच्या सैल सांध्यातून, गंजलेल्या जोडणीतून घाण आत ओढली जाते. कुणी नळालाच मोटर लावली असेल तर ओढ आणखी वाढते. पाणी पुन्हा सुटले की ही घाण पहिल्या धारेबरोबर घरात येते. शुद्धीकरण केंद्रातला नमुना मात्र चांगलाच निघतो, कारण बिघाड वाटेत आहे.

म्हणून नमुना शेवटच्या नळाचा घ्यावा. पद्धत अशी की नळ दोन-तीन मिनिटे सोडून मग बाटली भरायची. पण गळती शोधायची असेल तर पहिल्या धारेचाही वेगळा नमुना हवा. बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट हवे. ते नसेल तर पाण्यातला क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा ‘योग्य’ येतो. नमुना बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावा. 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, एकही चालत नाही.

रोजच्या कामाला ओटी टेस्ट पुरते: पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. शेवटच्या नळालाही लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. टाकीजवळ पिवळा रंग येतो आणि गल्लीच्या टोकाला येत नाही, याचा अर्थ वाटेत घाण क्लोरीन खाते आहे. अशा वेळी टाकीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर वाढवून समाधान मानण्याची खोड आहे. त्याने वास वाढतो, गळती तशीच राहते. टोकाकडून मागे एकेक नळ तपासत गेले की रंग कुठे नाहीसा होतो ते कळते. खोदाई तिथे करायची.

इथेच महाविद्यालयाचा गावाला खरा उपयोग आहे. इंटर्नशिपमध्ये पीएसएमचे, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राचे, 12 आठवडे असतात. त्यातून रोज चार-दोन इंटर्न टोकाच्या नळांवर ओटी टेस्टसाठी पाठवता येतील, आणि नमुने महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तपासता येतील. दुसरे काम कॅज्युअल्टीतले. केसपेपरवर पत्ता नुसता ‘मिरज’ लिहिला तर जुलाबाचे दहा पेशंट दहा वेगळे पेशंट दिसतात. गल्ली आणि जवळची खूण लिहिली तर ते एकाच पाइपवरचे आहेत हे त्याच संध्याकाळी दिसते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी शौचाचा नमुना कॅरी-ब्लेअर माध्यमात (प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत जंतू जिवंत ठेवणाऱ्या) घेतला, तर कॉलरा आहे की नाही याचा निकालही लागतो. एकदा गोळ्या पोटात गेल्या की जंतू सापडणे कठीण.

उपचारांतही दवाखान्यांच्या गावाला एक सवय लागते: सलाईन. पेशंट शुद्धीवर असेल, पिऊ शकत असेल, तर ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यात, थोडे थोडे, बहुतेकांना पुरते. सहा महिन्यांवरच्या मुलांना सोबत झिंक 20 मिलिग्रॅम, 14 दिवस. जुलाब थांबले म्हणून झिंक मध्येच बंद करू नये. सलाईनची खाट ज्याची नाडी लागत नाही त्याच्यासाठी मोकळी हवी.

महापालिकेला आणि महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना आमची सूचना एवढीच: दोघांनी पावसाळ्याआधी एक लेखी करार करावा. नमुना दूषित आला तर कुणी कुणाला फोन करायचा, त्या भागाचा व्हॉल्व्ह कुणाच्या सहीने बंद होणार, टँकर किती तासांत पोहोचणार आणि पाइप दुरुस्त झाल्यावर फेरनमुना कोण घेणार, या चार गोष्टी त्यात नावा-हुद्द्यांसह असाव्यात आणि प्रत्येक वॉर्ड कार्यालयाबाहेर लावलेल्या असाव्यात.

आपले,
पाणी तपासणी व साथरोग सर्वेक्षणात काम केलेले काही मिरजकर