व्हेंटिलेटर आहेत, रात्रपाळीला माणसे द्या

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात आयसीयूत काम करणारी परिचारिका आहे. भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे लेप्टोचे, म्हणजे चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाचे, पेशंट येऊ लागतात. चिखलात राबलेली, काल-परवापर्यंत धडधाकट असलेली माणसे. त्यांतल्या काहींच्या फुप्फुसांत रक्तस्राव होतो, ऑक्सिजन पुरेनासा होतो आणि श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटर लावावा लागतो. नातेवाईक विचारतात, ‘सिस्टर, बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, न्यायचं का?’

नव्या व्हेंटिलेटरची खरेदी निघाली की चर्चा मोडवरच, म्हणजे यंत्राने श्वास कसा द्यायचा यावरच, अडते. ठरलेल्या दाबाने श्वास देणारा प्रेशर कंट्रोल हवा की ठरलेली हवा देणारा व्हॉल्यूम कंट्रोल? साहेब, फुप्फुसे अशी निकामी झालेल्या रुग्णांमध्ये दोन्हींची तुलना झालेली आहे आणि एकाने दुसऱ्यापेक्षा जास्त जीव वाचतात हे सिद्ध झालेले नाही. अतिजलद, अगदी छोटे श्वास देणाऱ्या महागड्या यंत्रांकडूनही मोठी आशा होती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत त्या गटातले ४७ टक्के रुग्ण दगावले, नेहमीच्या पद्धतीत ३५ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

जीव वाचले ते साध्या गोष्टींनी. २००० सालच्या अमेरिकेतल्या चाचणीत दर श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली, तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. कारण आजारी फुप्फुसाचा थोडाच भाग उघडा उरलेला असतो. मोठा श्वास दिला की तोच ताणून फाटतो. यातले किलो मात्र काट्यावरचे नाहीत, उंचीवरून काढायचे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे हे वजन ४८ किलोच्या आसपास येते, मग ती प्रत्यक्षात ७० किलोची का असेना. तिला २९० मिलिलिटर पुरतात. काट्यावरच्या वजनाने मोजले तर ४२० जातील. अंगावर चरबी चढली म्हणून फुप्फुस मोठे होत नाही. म्हणून प्रत्येक खाटेशी मोजपट्टी आणि उंचीचा तक्ता हवा. याला निविदा लागत नाही.

दुसरी गोष्ट पालथे झोपवण्याची. फ्रान्स आणि स्पेनमधल्या चाचणीत गंभीर रुग्णांना रोज सलग किमान १६ तास पालथे ठेवले, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. निम्मे! पण नळी, सलाईन, कॅथेटर सांभाळत बेशुद्ध माणूस पालथा करायला चार-पाच जण लागतात, आणि एक जण फक्त नळी धरायला. रात्री दोन वाजता आमच्याकडे तेवढे हात नसतात. डॉक्टरांनी सांगूनही सकाळची वाट पाहावी लागते, हे मला फार लागते.

आणि खड्ड्यांतून पेशंट बांबोळीला हलवताना हे सगळे आणखी कठीण होते.

म्हणून मागणी एवढीच. पुढच्या खरेदीआधी कोकणातल्या प्रत्येक सरकारी आयसीयूची रात्रपाळीची हजेरी मागवा. परिचारिका आणि कक्षसेवकांची रिक्त पदे पावसाळ्यापूर्वी भरा, कंत्राटी नव्हे, कायम. कारण हे काम हाताला बसायला वेळ लागतो. आणि पालथे करण्याचे प्रशिक्षण कक्षसेवकांनाही द्या. आजवर ते आमच्याकडे बघूनच शिकत आले आहेत.

आपली,
सिंधुदुर्गातील एक परिचारिका