काकू, त्या कॅलेंडरसाठी आणि बऱ्याच गोष्टींसाठी

आदरणीय काकू,

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही विषय बदलता, चहा टाकायला उठता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

जानेवारी २०२४ मध्ये मी पाचव्या महिन्यात होते. ऑफिसात बोलावून माझ्यापुढे टाइप केलेला राजीनामा ठेवला. "तुझा करार एप्रिलअखेर संपतोय, बाळंतपण मेमध्ये. मग रजा कसली?" तीन वर्षं दर सहा महिन्यांनी करार, मध्ये दोन दिवसांचा खंड. नोव्हेंबरपासूनचा करार नवा म्हणून रजेसाठी लागणारे कामाचे ८० दिवसही माझे भरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. उद्या सही करते म्हणून मी तो कागद पर्समध्ये घालून आणला आणि जिन्यातच तुमच्यासमोर रडू फुटलं.

तुम्ही "रडू नकोस" म्हणाला नाहीत. "सही केलीस का?" एवढंच विचारलंत. नाही म्हटल्यावर, "मग अजून काही बिघडलेलं नाही. गेल्या वर्षीचं कालनिर्णय आण."

ती संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. तुमच्या ओट्याशेजारचं छोटं टेबल, दुधाच्या हिशेबानं भरलेलं माझं कॅलेंडर, तुमच्या हातातली पेन्सिल. अपेक्षित तारखेच्या आधीचे बारा महिने धरायचे, त्यात त्याच मालकाकडे ८० दिवस काम हवं, करार कितीही वेळा नवा केला तरी. मी रविवार आणि सणाच्या सुट्ट्या गाळत होते. तुम्ही माझा हात धरून थांबवलंत, "पगारी सुट्ट्याही मोजायच्या, कायद्यातच लिहिलंय." मेपासून खुणा करत गेलो तर गणपती यायच्या आतच ८० भरले. त्या क्षणी माझी भीती गेली, काकू. माझ्या तीन वर्षांच्या कामाचा हिशेब तोवर कुणी असा मांडलाच नव्हता.

मग तुम्ही तेव्हा लागू असलेला १९६१ चा मातृत्व लाभ कायदा काढलात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त आठ प्रसूतीआधी. बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदेशीर. माझा पगार २१ हजारांच्या वर, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू नव्हतं, म्हणजे पैसे कंपनीनंच द्यायचे. करार संपल्याच्या मुद्द्यावर तुम्ही ऑगस्ट २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचायला दिलात: दिल्लीतल्या कंत्राटी डॉक्टर कविता यादव यांचा करार मागितलेल्या रजेच्या मध्येच संपला होता, तरी पूर्ण लाभ द्यावा असं न्यायालयानं सांगितलं. आणि जाता जाता, १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू कशी मांडली होती, तेही. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. विमा कंपनीतल्या युनियनमध्ये तुम्ही इतकी वर्षं काय केलंत, ते मला तेव्हा कळलं.

नोटीस आपण दोघींनी लिहिली. रजा कोणत्या तारखेपासून, पैसे कुणाच्या नावे, सोबत डॉक्टरांचं प्रमाणपत्र. मी "कृपया सहानुभूतीनं विचार व्हावा" असं लिहिलं होतं, ते तुम्ही खोडलंत. "हक्क मागताना कृपा कशाला?" रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोचपावती जपून ठेवली. उत्तर आलं नसतं तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात माझ्यासोबत यायची तुमची तयारी होती. तशी वेळ आली नाही. प्रसूतीआधीची रक्कम आगाऊ मिळाली, उरलेली नंतर. करार त्यांनी पुढे वाढवला नाही, याचं वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. पण त्या २६ आठवड्यांत माझ्या लेकीला सोडून मला कुठेही धावावं लागलं नाही. सिझेरियनच्या टाक्यांवर हात ठेवून नोकरी शोधत फिरावं लागलं नाही.

गेल्या महिन्यात नव्या ऑफिसातली एक मुलगी तसाच कागद घेऊन माझ्याकडे आली. माझ्याही तोंडून आधी तेच निघालं, "सही केलीस का?"

तुमची निळी फाइल अजून माझ्याकडेच आहे. तिच्यासाठी झेरॉक्स काढून रविवारी परत आणते. लेकीलाही आणते, तुमच्या जिन्याच्या पायऱ्या ती आता एकटी चढते.

तुमची,
वरच्या मजल्यावरची