ज्वारीसाठी टाळ्या

ती. आबा, दादा आणि माय यांना नमस्कार,

व्हॉट्सॲपवर एवढं लिहिणं होत नाही अन् फोनवर माय "जेवलीस का" च्या पुढं जाऊच देत नाही, म्हणून पत्रच लिहायलेय. ताई, आबांना मोठ्यानं वाचून दाखव, मधलं मधलं गाळू नको.

परवा आमच्या डिपार्टमेंटमध्ये बक्षिसांचा कार्यक्रम झाला. वर्षभरात कुणाचा पेपर छापून आला, कुणाला फेलोशिप लागली, कोणते सर रिटायर होणार, सगळ्यांची नावं घेतली. माझ्या ज्वारीवरच्या पोस्टरला दुसरं बक्षीस मिळालं! पहिलं एका मक्यावाल्या पोराला गेलं, पण इथं इंडियानात जिकडं बघाल तिकडं मका नाहीतर सोयाबीन, तेव्हा ज्वारीवालीचं दुसरं म्हणजे पहिलंच समजा. माय, सोन्याचं मेडल बिडल काही नाही, एक सर्टिफिकेट अन् थोडे पैसे. त्याचा थंडीतला कोट घेणारे, आता सेलमध्ये स्वस्त मिळायलेत.

आपल्याकडं सत्कार म्हणजे शाल, नारळ अन् पाहुण्यांचं भाषण एवढं लांब की ज्याचा सत्कार त्यालाच डुलकी लागावी. इथं माणशी दोन मिनिटं अन् मग केक (गोडमिट्ट, अर्धा टाकून दिला). पण ग्रीनहाऊसमध्ये कुंड्या उचलणाऱ्या, पाणी देणाऱ्या काकूंना स्टेजवर बोलावलं तेव्हा अख्खा हॉल उभा राहिला, प्रोफेसर लोकं पण. माझी ज्वारी त्यांनीच तर जगवली, मी सुट्टीला गेले होते तेव्हा.

आबा, तुम्ही विचारलं होतं ना, ज्वारी शिकायला अमेरिका कशाला, तिथं भाकर कोण खातंय? खरंय, कोणी खात नाही, इथली ज्वारी बहुतेक जनावरांना नाहीतर इथेनॉलला जाते. पण ज्वारीतला मोठा माणूस आमच्याच पर्ड्यू विद्यापीठातला आहे, गेबिसा एजेटा. मूळचे इथिओपियाचे, गवतानं शाकारलेल्या एका खोलीच्या घरात वाढलेले. त्यांना २००९ ला वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं अन् ते कशासाठी, तर आपल्या टारफुल्यासाठी! म्हणजे त्या तणाला दाद न देणारी ज्वारी काढली म्हणून. टारफुल्याचं बी धुळीसारखं बारीक, जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. ज्वारीच्या मुळातून जे पाझरतं त्याची चाहूल लागली की मगच उगवतं, मुळाला चिकटतं अन् तिचाच रस ओढतं, वर दिसेपर्यंत निम्मं नुकसान झालेलं असतं. तर ह्यांनी अशी ज्वारी हुडकली जिच्या मुळातून ती खूण फारशी सुटतच नाही, बी बिचारं झोपूनच राहतं. आज्जी नाल्याकडच्या रानात टारफुला उपटताना म्हणायची ना, ह्या मेल्याला ज्वारीचा वास येतो म्हणून? तिचं बरोबरच होतं की!

त्या रात्री माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, आपली परभणी मोती ज्वारी कोणी काढली? आबा इतकी वर्षं पेरायलेत, मी परभणीलाच बीएस्सी केलं अन् मला एक नाव सांगता येईना, लाज वाटली. १९७२ पासून तिथं कृषी विद्यापीठ आहे, लोह अन् जस्त जास्त असलेली परभणी शक्ती ज्वारी २०१८ ला तिथूनच आली, तूर बीडीएन ७११ त्यांच्याच बदनापूर केंद्राची, नांदेड ४४ कापूस नांदेड केंद्राचा. दादा, तुमच्या लग्नाचं कर्ज नांदेड ४४ वरच फिटलं म्हणता ना? एक वाण काढायला दहा दहा वर्षं जातात. पण आपण काय करतो, उगवलं नाही तर दुकानदाराला शिव्या, पिकलं तर मोंढ्यातला भाव बघायचा, वाण काढणारा माणूस कुठं आठवतच नाही. माझ्या गाइडनं विचारलं तुमच्याकडं कोणती ज्वारी असते तर मी फोनमधला आबांच्या खळ्याचा फोटो दाखवला, तो टपोरा दाणा बघून बाई बराच वेळ फोन सोडेनात.

बाकी इथं ठीक. एप्रिल संपायला आला तरी सकाळी स्वेटर लागतंय अन् तुम्ही तिकडं उन्हानं भाजायलेत. कडबा झाकला का? अवकाळीचा भरोसा नाही. आबांची बीपीची गोळी चुकवू नका.

दादा, १८ मे ला विद्यापीठात खरीप मेळावा असतोय, तुम्ही बियाण्याच्या लाईनीत जाणारच. तेवढं बियाणं घेऊन झालं की ज्वारीवाल्या साहेबांना गाठा अन् सांगा की आमचे आबा कधीपासून मोतीच पेरतात अन् घरात दुसऱ्या ज्वारीची भाकर कुणाला गोड लागत नाही. शाल नारळ काही नको, नुसतं सांगून या. अन् औंदा नाल्याकडं टारफुला निघाला तर आधी फोटो काढून मला पाठवा, मग उपटा.

तुमची,
छकुली